पोर्क वातड का होतं आणि मऊ कसं करायचं: तुकडा निवडण्यापासून शिजवण्यापर्यंत

पोर्क नव्याने करायला घेतलेल्या लोकांच्या दोनच तक्रारी सारख्या ऐकू येतात. एक म्हणजे तासभर शिजवलं तरी वातडच राहिलं, आणि दुसरी म्हणजे नीट शिजावं म्हणून ठेवलं तर कोरडं ठक्क पडलं. दोघांनाही सल्ला मात्र एकच मिळतो, "अजून थोडा वेळ ठेव". पहिल्याला हा सल्ला बरोबर आहे, दुसऱ्याचं त्याने पार वाटोळं होतं. कारण मांस चिवट लागायची कारणं दोन आहेत, एक स्नायूच्या धाग्यांमध्ये असतं आणि दुसरं त्या धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या जाळीत, आणि या दोघांना मऊ राहायला लागणारं तापमान एकमेकांच्या अगदी उलट आहे. हातातल्या तुकड्यात जाळी किती आहे हे गॅस पेटवायच्या आधी ओळखता आलं पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पायरी १: मांसात काय काय आहे ते आधी बघून घ्या

पोर्कच्या चरबी नसलेल्या भागात साधारण ७५ टक्के पाणी असतं आणि २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन. या प्रोटीनचा मोठा हिस्सा म्हणजे स्नायूचे धागे, त्यात मायोसिन आणि ॲक्टिन ही दोन मुख्य, आणि मांसातलं बहुतेक पाणी या धाग्यांच्या आतल्या बारीक फटींमध्येच धरलेलं असतं. प्रत्येक धाग्याभोवती एक अतिशय पातळ आवरण असतं ते एंडोमायसियम, अशा पुष्कळ धाग्यांची जुडी बांधणारं जरा जाड आवरण ते पेरिमायसियम, आणि अख्ख्या स्नायूवरचा चकचकीत पांढरा पापुद्रा तो एपिमायसियम. नावं पाठ नाही केलीत तरी चालेल, पण पेरिमायसियम लक्षात ठेवा, कारण मांस आडवं कापल्यावर जे दाणे दाणे दिसतात ते त्यानेच आखलेले असतात, मार्बलिंगची म्हणजे मांसात नक्षीसारखी पसरलेली पांढरी चरबी त्याच थरात साठते, आणि शोल्डर म्हणजे खांदा आणि टेंडरलॉइन म्हणजे कण्याच्या आतला तुकडा चावताना जो फरक जाणवतो त्यातला मोठा भाग याच थराच्या जाडीमुळे असतो. ही सगळी आवरणं मिळून जे होतं त्याला संयोजी ऊतक म्हणजे कनेक्टिव्ह टिश्यू म्हणतात आणि ते मुख्यतः कोलॅजनचं बनलेलं असतं.

कोलॅजनचा एक रेणू म्हणजे तीन साखळ्या दोराच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या. लांबी साधारण ३०० नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल (प्रोटीनच्या साखळीतली एक कडी) असतं, कारण पिळाच्या मधोमध इतकी कमी जागा आहे की सगळ्यात लहान असलेलं ग्लायसिनच तिथे मावतं. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच जागी प्रोलिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिन असतं आणि त्यांच्यामुळे पीळ ताठ राहतो. हायड्रॉक्सीप्रोलिन मांसातल्या बाकीच्या प्रोटीनमध्ये जवळपास नसतंच, म्हणून लॅबमध्ये मांसातलं कोलॅजन थेट मोजत नाहीत, हायड्रॉक्सीप्रोलिन मोजतात आणि त्याला साधारण ८ ने गुणून कोलॅजनचा आकडा काढतात.

पण नुसतं कोलॅजन किती आहे यावर मऊपणा ठरत नाही, ते किती पक्कं बांधलं गेलंय हे जास्त महत्त्वाचं, आणि माझ्या मते नवीन माणसाने रसायनशास्त्रातली एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ती ही. शेजारी शेजारी पडलेले कोलॅजनचे रेणू एकमेकांना आडव्या बंधांनी जोडले जातात. त्यासाठी लायसिल ऑक्सिडेज नावाचं, तांब्यावर चालणारं एन्झाइम साखळीतल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या टोकाला बदलतं आणि मग दोन रेणूंमध्ये बंध पडतो. जनावर लहान असताना हे बंध दोन-दोन रेणूंमधले असतात आणि उष्णतेने सुटतात. वय वाढेल तसे तेच बंध तिसऱ्या साखळीलाही धरतात, पायरिडिनोलिनसारखे पक्के बंध तयार होतात आणि ते उष्णतेला दाद देत नाहीत. मांसासाठी पाळलेलं डुक्कर साधारण पाच-सहा महिन्यांचं असताना, १०० ते १२० किलोचं झालं की कापलं जातं, म्हणजे त्याच्या कोलॅजनला पक्कं व्हायला वेळच मिळालेला नसतो, आणि म्हणूनच पोर्क साधारणपणे म्हाताऱ्या गुरांच्या मांसापेक्षा फार लवकर नरम पडतं. पिल्लं देऊन देऊन वय झालेल्या मादीचं मांस आणलं तर मात्र हाच हिशोब उलटतो, कोलॅजनचं प्रमाण फार वेगळं नसतं पण ते विरघळतच नाही, आणि असं मांस बहुतेक वेळा खिम्यात किंवा सॉसेजमध्ये जातं त्याचं कारण हेच. लॅबवाले हे तपासायला मांस ७७ डिग्री सेल्सियसला तासभर ठेवतात आणि किती कोलॅजन पाण्यात उतरलं ते बघतात, जितकं जास्त उतरेल तितकं ते मांस मऊ व्हायला राजी.

जाळीत थोडं इलॅस्टिनही असतं, रबरासारखं ताणलं जाणारं पिवळसर प्रोटीन. ते कितीही शिजवलं तरी विरघळत नाही, सुरीने काढून टाका.

पायरी २: तुकडा कुठला आहे ते विचारा

साधा नियम असा की जो स्नायू जास्त राबतो त्याची जाळी जाड. टेंडरलॉइन कण्याच्या आतल्या बाजूला असतं, चालण्याफिरण्यात त्याला फारसं काम नसतं, म्हणून ते सगळ्यात मऊ. लॉइन म्हणजे पाठीचा भाग, ज्याचे चॉप्स करतात, तोही मऊ आणि कमी चरबीचा. हॅम म्हणजे मागची मांडी मध्यम, त्यात बरेच स्नायू एकत्र असतात आणि सगळे सारखे नसतात. शोल्डर, मान, गाल, हॉक म्हणजे पायाचा गुडघ्याखालचा भाग, ही सगळी राबणारी मंडळी, भरपूर जाळी. ट्रॉटर म्हणजे पाय आणि कातडी यांच्यात तर स्नायू नावालाच, सगळा कोलॅजनचा कारभार. बेली म्हणजे पोटाच्या भागात चरबी आणि मांस थरांनी असतं आणि थरांच्या मधे आवरणं असतात, त्यामुळे तीही सावकाश शिजवायच्याच गटात धरा.

नाव माहीत नसेल तर तुकडा हातात घेऊन बघा. आडव्या कापाचे दाणे बारीक आणि एकसारखे असतील, मधे पांढरे पापुद्रे दिसत नसतील तर तो झटपट शिजवायचा. दाणे भरड आहेत, दोन-तीन स्नायू वेगवेगळ्या दिशांनी आलेत, त्यांच्या मधून पांढऱ्या-चंदेरी रेघा जातायत आणि बोटाने दाबलं की तुकडा एकसंध न दबता रबरासारखा परततो, तर तो सावकाश शिजवायचा. एवढं जमलं की तुम्ही अर्ध्याहून जास्त काम केलंत.

पायरी ३: रंग आणि पाणी बघा, कारण मांसाचा पीएच तुमच्या हातात नाही

पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. जिवंत स्नायूचा पीएच साधारण ७ च्या जरा वर असतो. जनावर कापल्यावर रक्त थांबतं, ऑक्सिजन संपतो, पण स्नायू साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, वापरत राहतो आणि आम्ल साठत जातं. चोवीस तासांनी चांगल्या पोर्कचा पीएच ५.५ ते ५.८ च्या आसपास येऊन थांबतो. हा उतार सावकाश झाला तर ठीक. पण शरीर अजून गरम असतानाच पीएच धाडकन पडला, म्हणजे पाऊण तासातच ६ च्या खाली गेला, तर उष्णता आणि आम्ल दोन्ही मिळून प्रोटीन बिघडवतात आणि धाग्यांची पाणी धरायची ताकदच जाते. अशा मांसाला पीएसई म्हणतात, फिकट, लिबलिबीत आणि पाणी सोडणारं. कापायच्या आधी जनावर घाबरलं, पळवलं गेलं, तर हे होतं, आणि काही जनावरांच्या जनुकातच तसा कल असतो. १९९१ मध्ये यातलं एक जनुक नक्की सापडलं, स्नायूत कॅल्शियम सोडणाऱ्या चॅनेलमध्ये एका अक्षराचा बदल आणि त्यामुळे ताण आला की स्नायू पेटल्यासारखा ग्लायकोजेन जाळत सुटतो. नंतर २००० मध्ये हॅम्पशायर जातीच्या डुकरांमधलं दुसरं जनुक सापडलं, त्यात ग्लायकोजेनच इतकं जास्त साठतं की शेवटचा पीएच ५.४ च्या आसपास जातो, आणि तिथे मांसाच्या प्रोटीनवरचे अधिक-उणे भार जवळपास समसमान होऊन धागे एकमेकांना चिकटतात, फटी मिटतात आणि पाणी बाहेर पडतं.

उलट प्रकारही असतो. जनावर बराच वेळ उपाशी किंवा थकलेलं असेल तर ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं, आम्ल तयारच होत नाही, पीएच ६ च्या वर राहतो आणि मांस गडद, घट्ट आणि कोरडं दिसतं. हे मांस पाणी छान धरतं, खायला मऊही लागतं, पण लवकर खराब होतं. शिवाय त्याचा गुलाबी रंग पूर्ण शिजल्यावरही टिकू शकतो, म्हणून रंगावरून शिजलं की नाही ठरवायची सवय सोडाच.

पॅकमध्ये तुकडा ठेवलाय तिथे खाली बघा. ट्रेच्या कोपऱ्यात गुलाबी पाणी साचलंय, तुकड्याचा पृष्ठभाग ओलसर चमकतोय, रंग जवळजवळ राखाडी-पांढरा, आणि ट्रे तिरका केला की तुकडा आकार न धरता पसरतो, तर तो उचलू नका, मग तो टेंडरलॉइन का असेना. ते गेलेलं पाणी कुठल्याही मसाल्याने परत येत नाही. लालसर गुलाबी, दाबल्यावर परत वर येणारा, मधे थोडी चरबीची नक्षी असलेला तुकडा घ्या. आतली चरबी २ ते ३ टक्के असली की चॉप चांगला लागतो असं बहुतेक मांसतज्ज्ञ मानतात.

मांस नुसतंच फ्रिजमध्ये ठेवून मुरवण्याबद्दल थोडक्यात. कापल्यानंतर फ्रिजच्या तापमानात कॅल्पेन नावाची एन्झाइम धाग्यांमधले आधार हळूहळू तोडतात आणि मांस नरम होतं. पोर्कमध्ये हे काम पहिल्या पाच-सहा दिवसांत जवळपास उरकतं. पण लक्षात घ्या, हा फायदा धाग्यांना होतो, कोलॅजनच्या जाळीला फारसा नाही, त्यामुळे हॉक आठवडाभर ठेवून तो चॉपसारखा भाजता येईल अशी आशा धरू नका.

पायरी ४: थर्मामीटर घ्या आणि हे आकडे फ्रिजवर लावून ठेवा

४० ते ५० डिग्री सेल्सियसला मायोसिन उलगडायला लागतं आणि मांसाचा चिवटपणा पहिल्यांदा वाढतो. ६० पर्यंत धागे रुंदीने आक्रसतात. ६० ते ६५ ला कोलॅजनचे पीळ सुटतात आणि ते आखडतं, ओल्या कपड्यासारखं धाग्यांना पिळून काढतं, इथून धागे लांबीनेही आखडायला लागतात. ६६ च्या पुढे ॲक्टिनही जातं आणि ७५ पर्यंत चिवटपणा दुसऱ्यांदा वाढतो, पाणी झपाट्याने बाहेर येतं. ७० च्या पुढे, ओलावा असेल आणि वेळ दिला तर, आखडलेलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, ८५ ते ९५ ला हे काम चांगल्या वेगाने होतं.

आता नीट बघा, ६५ ते ८० हा पट्टा कुणाच्याच फायद्याचा नाही. तिथे धाग्यांतलं पाणी गेलेलं असतं आणि जाळी अजून विरघळलेली नसते. शोल्डर तासभर शिजवून बाहेर काढणारे याच पट्ट्यात अडकतात, आणि चॉप "नीट शिजू दे" म्हणून ठेवणारेही इथेच येऊन पोचतात, फक्त उलट बाजूने.

पायरी ५: टेंडरलॉइन आणि चॉप्स, लवकर बाहेर काढा

इथे जाळी कमी आहे, म्हणून तुमचं काम फक्त पाणी वाचवायचं. किलोमागे साधारण १५ ग्रॅम मीठ चोळून काही तास किंवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मिठातले क्लोराइड धाग्यांवर बसतात, धागे एकमेकांपासून लांब ढकलले जातात, फुगतात आणि पाणी धरून ठेवतात, चवीपेक्षा हा फायदा मोठा आहे. टेंडरलॉइनवरचा चंदेरी पापुद्रा सुरीचं टोक खाली सरकवून, पातं जरा वर तिरकं ठेवून काढा, नाहीतर तो तव्यावर आखडून अख्खा तुकडा वाकवतो. चॉपच्या कडेला चरबी आणि पापुद्र्याची जी पट्टी असते तिला दर दोन-तीन सेंटिमीटरवर छेद द्या, मांसापर्यंत, मांसात नाही. असं नाही केलं तर ती पट्टी मांसाच्या आधी आखडते, चॉप वाटीसारखा वर उचलला जातो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही.

पूर्ण तुकडा आतून ६३ डिग्रीला पोचला की बाहेर काढून निदान तीन मिनिटं तसाच ठेवायचा, अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये हाच आकडा दिला, त्याआधी ते ७१ सांगायचे आणि घरोघरी कोरडे चॉप्स होण्यात त्या जुन्या आकड्याचा मोठा हात होता असं मला वाटतं. जाड तुकडा काढल्यावरही आतलं तापमान तीन-चार डिग्री चढतं, ते धरून चाला. खिम्याला मात्र ७१ च, कारण पृष्ठभागावरचे जंतू दळताना आत गेलेले असतात. कापताना रेषांना आडवं कापा, म्हणजे दाताला छोटे धागे तोडावे लागतील.

पायरी ६: शोल्डर आणि बाकीची राबणारी मंडळी, थांबा

इथे ६३ विसरा. आतलं तापमान ९० ते ९५ पर्यंत न्यायचं आणि तिथे वेळ द्यायचा. चार सेंटिमीटरचे तुकडे रस्स्यात मंद आचेवर साधारण दीड ते दोन तास घेतात, दोन किलोचा अख्खा शोल्डर दीडशे डिग्रीच्या ओव्हनमध्ये झाकून चार तासांच्या आसपास, प्रेशर कुकरमध्ये तेच तुकडे ३५ ते ४५ मिनिटांत होतात कारण पूर्ण प्रेशरला पाणी १२० डिग्रीच्या आसपास जातं आणि कोलॅजन फार पटकन सुटतं. कुकर काही कमअस्सल नाही, फक्त कधी थांबायचं हे मधे उघडून बघता येत नाही म्हणून थोडा कमी वेळ देऊन उघडा आणि लागलं तर झाकण न लावता पुढे शिजवा.

पातेल्यात काय होतं ते एकदा लक्ष देऊन बघाच. अर्ध्या तासाने एक तुकडा दाबा, कच्चा होता त्यापेक्षा कडक लागेल, आक्रसलेला दिसेल आणि रस्सा पातळ पाण्यासारखा असेल. नवीन माणूस इथे घाबरतो. तासाभराने काटा जातो पण ओढल्याशिवाय निघत नाही. दीड तासाच्या पुढे कधीतरी काटा घातला की तुकडा स्वतःहून रेषांवर उकलतो, मधले पांढरे पापुद्रे पारदर्शक आणि थुलथुलीत झालेले असतात, आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. ते चिकटणं म्हणजे जिलेटिन. धाग्यांतलं पाणी चॉपपेक्षा कितीतरी जास्त गेलेलं असतं, थर्मामीटर ९३ दाखवतोय, तरी मांस रसरशीत लागतं, कारण सुटलेलं जिलेटिन आणि चरबी धाग्यांना लपेटून बसतात आणि जिलेटिन स्वतः भरपूर पाणी धरतं. लॉइन असंच ९३ ला नेलंत तर भुगा होईल, कारण तिथे लपेटायला जिलेटिनच नाही.

मोठा तुकडा उघडा भाजत असाल तर आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेतरी तासन् तास अडकून बसतं. पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि तेवढीच उष्णता घेऊन जातं, एवढंच कारण. आच वाढवू नका, हवं तर फॉइलमध्ये गुंडाळा, बाष्पीभवन थांबतं आणि थर्मामीटरचा आकडा पुढे सरकतो.

कातडीला दोन टप्पे लागतात. आधी ओलसर उष्णतेत तिचं कोलॅजन जिलेटिन होऊ द्यायचं, मग पृष्ठभाग पूर्ण कोरडा करून २२० डिग्रीच्या वर न्यायचा, तेव्हा आतल्या उरलेल्या पाण्याची वाफ होऊन कातडी फुगते आणि कुरकुरीत होते. पहिला टप्पा गाळला तर दात मोडणारी कातडी मिळते, वाळवणं गाळलं तर चामडं.

आंबट आणि फळांच्या रसाबद्दल

व्हिनेगर, लिंबू, दही यांनी मांस मऊ होतं हे खरं आहे पण मुरवताना आम्ल काही मिलिमीटरच आत जातं. पातळ कापांना उपयोग, दोन किलोच्या शोल्डरला वरवरचा. शिजताना रस्स्यात थोडं आंबट असलं तर मात्र कोलॅजन लवकर सुटायला मदत होते. पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन हे प्रोटीन कापणारे एन्झाइम आहेत, आणि तापमान चढत असताना ते जास्त जोरात चालतात, म्हणून रात्रभर लावून ठेवलेल्या मांसाचा बाहेरचा थर शिजताना पिठूळ लगदा होतो आणि आतला भाग होता तसाच. लावायचंच असेल तर पातळ तुकड्यांना, अर्धा तास, बस. डब्यातला अननस चालत नाही, डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने एन्झाइम मेलेलं असतं.

उरलेलं शोल्डर त्याच्याच रस्स्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. थंड झाल्यावर रस्सा जेलीसारखा थरथरत उभा राहिला तर कोलॅजन नीट सुटलंय, पातळच राहिला तर एकतर पाणी जास्त झालंय किंवा अजून तासभर शिजायला हवं होतं. वर जमलेली चरबीची साय लगेच काढू नका, तिच्यामुळे हवा लागत नाही, आणि पोर्कची चरबी हवेने लवकर खवट होते, शिळ्या मांसाला जो पुठ्ठ्यासारखा वास येतो तो त्यातूनच. गरम करताना मंद आचेवर झाकून, जेलीसकट करा, मधेमधे न ढवळता, वाफाळेपर्यंत.